रंगकाम, गॅस आणि नाकाची साक्ष

१९ सप्टेंबर २०१९च्या रात्री मुंबईच्या पूर्व उपनगरांत, आणि पवईच्या टेकड्या ओलांडून पश्चिमेकडच्या काही वस्त्यांतही, गॅसचा वास पसरल्याची तक्रार एकाच वेळी इतक्या ठिकाणांहून आली की अग्निशमन दल, महापालिकेचा आपत्कालीन कक्ष आणि महानगर गॅस कंपनी या तिघांचीही झोप उडाली. कंपनीने आपल्या वाहिन्या तपासल्या आणि गळती आपल्या जाळ्यात नाही असा निर्वाळा दिला. वास मात्र लोकांच्या घराघरांत होता. पुढे ६ जून २०२०च्या रात्री, टाळेबंदीमुळे अवघे शहर दारे लावून बसलेले असताना, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, पवई आणि कांजूरमार्ग या भागांतून पुन्हा तशीच हाकाटी झाली, आणि त्रास होत असल्यास नाकातोंडावर ओले फडके धरावे, अशी सूचना पालिकेला समाजमाध्यमांवरून द्यावी लागली. या दोन रात्रींत हजारो माणसांनी केलेली पहिली गोष्ट एकच होती: स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी शेगडीच्या चाव्या चाचपून पाहिल्या.

कांजूरमार्गाच्या रहिवाशाला वासाची नवलाई नाही. पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडे, मिठागरे आणि खाडी यांच्या बाजूला, शहराच्या कचऱ्याचा फार मोठा हिस्सा रिचवणारे डम्पिंग ग्राउंड आहे, आणि वारा फिरला की त्याची दुर्गंधी कांजूर गावापासून भांडुपपर्यंत आणि दक्षिणेस विक्रोळीच्या कन्नमवार नगरापर्यंत बिनपरवाना शिरते. त्या कचऱ्याच्या पोटात कुजण्याच्या क्रियेने जो मिथेन वायू तयार होतो तो रासायनिक दृष्ट्या तोच आहे, जो पिवळ्या नळातून आपल्या शेगडीपर्यंत येतो. मात्र मिथेनला स्वतःचा वास मुळीच नाही, आणि जी दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइडासारख्या त्याच्या सोबत्यांची असते. बारा महिने अशा वासांच्या सहवासात राहिलेल्या नाकाला, ‘आला असेल डम्पिंगचा वास’ असे म्हणून खिडकी लावून घेण्याची सवय जडली तर तिला दोष देता येत नाही. परंतु गॅसच्या बाबतीत घराचा सगळा बंदोबस्त ज्याच्यावर सोपवला आहे तो पहारेकरी हे नाकच आहे, आणि वर्षातून ज्या चारआठ दिवसांत हा पहारेकरी पूर्णपणे निकामी होतो ते दिवस म्हणजे घराला रंग लावण्याचे.

गॅसला वास असतो ही आपली समजूत इतकी दृढ आहे की तो वास मुद्दाम घातलेला असतो हे सांगावे लागते. सिलिंडरमधला द्रवरूप पेट्रोलियम वायू काय किंवा नळातला नैसर्गिक वायू काय, दोन्ही शुद्ध रूपात जवळजवळ निर्गंध; त्यांत मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात, आणि हवेच्या अब्जावधी भागांत त्याचे थोडे भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. ही तजवीज सार्वत्रिक होण्यास एक भयंकर प्रसंग कारणीभूत झाला. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात न्यू लंडन या गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी, जमिनीखालच्या पोकळीत नकळत साचलेल्या निर्गंध नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे विद्यार्थी आणि शिक्षक मृत्यू पावले, आणि त्यानंतर गॅसला वास घालण्याची सक्ती करणारे कायदे झाले. त्या स्फोटाची ठिणगी कार्यशाळेतले लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू करताना उडाली असे मानतात. रंगाच्या आधी भिंती आणि दारे घासण्यासाठी तशाच जातीचे यंत्र घेऊन कारागीर आज आपल्या स्वयंपाकघरात येतो, म्हणून हा तपशील येथे मुद्दाम दिला.

मुंबईला नळातून येणारा गॅस तसा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीने दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर रस्त्यांतले दिवे पेटवले, आणि पुढे दक्षिण व मध्य मुंबईतील कित्येक स्वयंपाकघरांतही तो वायू पोहोचला. त्याला आपला स्वतःचा उग्र दर्प होता, शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइड असल्यामुळे तो जळण्याआधीच विषारी होता. स्वातंत्र्यानंतर, १९५५च्या सुमारास, बर्मा शेलने याच शहरात सिलिंडरमधल्या गॅसची विक्री सुरू केली; १९७४ साली मुंबई हाय येथे समुद्राच्या तळाखाली तेल आणि वायू सापडला; आणि १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन होऊन वडाळ्याच्या केंद्रातून शहराच्या रस्त्यांखाली नैसर्गिक वायूचे जाळे पसरू लागले. या इतिहासाचा परिणाम असा की कांजूरमार्गासारख्या ठिकाणी आज दोन्ही अंमल शेजारी शेजारी नांदतात. लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या नव्या उंच इमारतींत पिवळे नळ, आणि कांजूर गावातल्या बैठ्या घरांत, जुन्या चाळींत ओट्याखाली लाल सिलिंडर, असे चित्र सर्रास दिसते.

आपल्या घरात यांपैकी कोणता गॅस आहे, हे ठाऊक असणे रंगकामाच्या वेळी अगत्याचे आहे, कारण दोघांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. नैसर्गिक वायू हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, म्हणून सुटला की छताकडे चढतो आणि वरच्या झरोक्यातून निघून जाऊ पाहतो. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड, म्हणून तो पाण्यासारखा खाली उतरून ओट्याखाली, कोपऱ्यात, मोरीच्या जाळीत साचून राहतो. हवेत नैसर्गिक वायूचे प्रमाण शंभरात पाचपासून पंधरा भागांपर्यंत असेल तर मिश्रण पेट घेते. सिलिंडरच्या वायूला शंभरात जेमतेम दोन भाग पुरतात. त्यातही सिलिंडरमधल्या एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे रात्रभर किंचित उघडी राहिलेली एखादी चावी किती मजल मारू शकते याची कल्पना येते.

आता रंगकामाकडे. पाऊस ओसरला, भिंतींची ओल सुकली, की घटस्थापनेपूर्वी किंवा दसरा-दिवाळीच्या दरम्यान घरोघर रंगाऱ्यांना बोलावणी जातात. फर्निचर मधोमध ओढून त्यावर प्लास्टिक पसरले जाते, खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटतात, पुट्टी लागते, ती घासली जाते, प्रायमर चढतो, आणि सगळ्या घराला असा एक दर्प व्यापून राहतो की त्यात मर्कॅप्टनच काय, फोडणी करपल्याचाही वास वेगळा काढता येणार नाही. एकच वास काही वेळ सतत येत राहिला की त्याची जाणीव बोथट होते, हा घ्राणेंद्रियाचा नैसर्गिक धर्म आहे. वृद्धांची घ्राणशक्ती मुळातच मंदावलेली असते, आणि करोनाच्या साथीत वास हरपलेल्या कित्येकांना तो अद्याप पूर्वीसारखा परत मिळालेला नाही. म्हणून ज्या दिवसांत नाक साक्षीला हजर राहू शकत नाही, त्या दिवसांत गॅस शेगडीच्या चावीवर न सोडता त्याच्या उगमाशी बंद करावा. सारे सांगणे एवढेच आहे. बाकीचा मजकूर हे कसे करावे आणि कोठे चुकते याविषयीचा.

रंग म्हटला की तो पेटणारच, अशी धास्ती बाळगण्याचे मात्र कारण नाही. आजकाल भिंतींना लावतात तो इमल्शन किंवा डिस्टेंपर पाण्यात कालवलेला असतो, आणि त्याच्या वाफेने आग लागण्याचे भय नगण्य आहे. भय असते ते ऑइल पेंटचे, टर्पेंटाइनचे, आणि सर्वांत अधिक म्हणजे लाकडी कपाटांवर फवारतात त्या लॅकर-पॉलिशचे व त्याच्या थिनरचे. टर्पेंटाइनची पेट घेण्याजोगी वाफ साधारण पस्तीस-चाळीस अंश उष्णतेला निघू लागते, आणि हे तापमान मुंबईच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत सहज गाठले जाते. लॅकरच्या थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन यांसारखी द्रव्ये असतात, आणि ती तर थंडीच्या दिवसांतही पेट घेण्यास तयार असतात. या सर्व वाफा हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत जातात, आणि शेजारच्या खोलीतली ज्योत त्यांना गाठते तेव्हा आग उलट्या पावली डब्यापर्यंत येते. जुन्या घरांत धूर आणि वाफ सोसावी म्हणून स्वयंपाकघराच्याच भिंतींना ऑइल पेंट देण्याचा शिरस्ता होता आणि पुष्कळ ठिकाणी तो अद्याप आहे. म्हणजे घरातला सर्वांत ज्वालाग्राही रंग नेमका चुलीच्या खोलीला लागतो.

परदेशी पुस्तकांत थिनर उघडण्यापूर्वी ‘पायलट’ ज्योत विझवा, असा इशारा असतो, कारण तिकडच्या कित्येक घरांत पाणी तापवण्याच्या यंत्रात एक बारीक ज्योत अष्टौप्रहर तेवत असे. आपल्या शेगड्यांना बहुधा अशी ज्योत नसते. मात्र तिची उणीव आपण अन्य मार्गांनी भरून काढतो: देवघरातला नंदादीप, संध्याकाळची उदबत्ती, डासांसाठी लावलेली कॉइल, आणि गॅलरीत उभे राहून कारागिराने ओढलेली विडी. विजेच्या ठिणग्याही मोजल्या पाहिजेत. फ्रिज थोड्याथोड्या वेळाने आपोआप चालू-बंद होतो, चिमणीचे बटण आहे, बटण दाबताच तडतडणारी शेगडी आहे. ज्या दिवशी लॅकर किंवा ऑइल पेंट उघडायचा त्या दिवशी देवाला केवळ फुले वाहावीत, आणि स्वयंपाकघरातल्या यंत्रांच्या पिना भिंतीतून काढून ठेवाव्यात. पिन काढण्याचे काम डबा उघडण्यापूर्वी करावे, नंतर नव्हे. खोलीत वाफ भरल्यावर पिन उपसणे हीच एक ठिणगी होऊ शकते.

आता प्रत्यक्ष बंद करण्याची रीत. शेगडीची चावी हा गॅसच्या मार्गातला शेवटचा दरवाजा आहे, आणि तो बंद असला तरी त्याच्या मागे रबरी नळी भरलेलीच राहते. रंगारी छताला हात पोहोचावा म्हणून ओट्यावर चढतो, त्याचा पाय नळीवर पडतो, प्लास्टिक ओढताना एखादी चावी फिरते, शेगडी उचलून बाजूला ठेवताना नळी पिळली जाते. आणि त्याला घर परके असल्यामुळे कोणता नळ कशाचा, हे ठाऊक असण्याचे कारणच नसते. म्हणून नळाचा गॅस असलेल्या घरात शेगडीजवळचा कॉक आणि मीटरजवळचा कॉक, असे दोन्ही बंद करावे. कॉकची दांडी नळाच्या दिशेने असली तर गॅस चालू आणि नळाला आडवी असली तर बंद, ही खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी. बंद करताना क्रम उलटा ठेवणे अधिक चांगले: शेगडी पेटती ठेवून आधी भिंतीवरचा कॉक फिरवावा, नळीत अडकलेला वायू जळून ज्योत आपोआप विझू द्यावी, आणि मग शेगडीच्या चाव्या बंद कराव्या. याने नळी रिकामी तर होतेच, शिवाय कॉक खरोखर काम करतो की नाही याची खातरजमाही त्याच वेळी होते. दांडी फिरवूनही ज्योत विझली नाही, तर तो कॉक नादुरुस्त आहे हे रंगकामाच्या आधीच कळते.

शेगडी जागेवरून हलवायचीच असेल तर नळी स्वतः काढू नये. नळी काढल्यावर कॉकचे तोंड नुसते बंद ठेवून भागत नाही, त्यावर बूच बसावे लागते, आणि हे काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचे आहे. मीटर किंवा नळ यांची जागा बदलणे, नळ प्लास्टरमध्ये गाडणे, मीटरभोवती कपाट बांधून तो दृष्टिआड करणे, ही सर्व कामे रंगाच्या ओघात ‘जाता जाता’ उरकून घेण्याचा मोह मुकादमाला आणि घरमालकाला दोघांनाही होतो. तो दोघांनीही आवरावा. भिंतीवरचा पिवळा नळ शोभेच्या आड येतो ही तक्रार मला पटते. पण नळ दिसत राहणे हाच त्याच्या सुरक्षिततेचा निम्मा भाग आहे.

नळाच्या गॅसला मीटर असतो, ही एक मोठी सोय असून तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. रंगाऱ्याला सांगावा धाडण्यापूर्वी एखाद्या रात्री स्वयंपाक आटोपल्यावर शेगडीच्या आणि गीझरच्या चाव्या बंद, मात्र भिंतीवरचे कॉक उघडे, अशा स्थितीत मीटरचे सर्व आकडे दशांशासह लिहून ठेवावे, आणि सकाळी चहा ठेवण्यापूर्वी ते पुन्हा ताडून पाहावे. शेवटचा आकडा पुढे सरकला असेल तर मीटरच्या पुढे कोठे तरी गळती आहे, मग नाकाला काही कळो वा न कळो. जी गळती एरवी खिडकीतून निघून जाते तीच खिडक्या प्लास्टिकने बंद झाल्यावर साचते, म्हणून ही तपासणी रंगाच्या आधी करण्यात अर्थ आहे.

सिलिंडर असलेल्या घरात मीटर नाही. तेथे साबणाचा फेस हाच दाखला. नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या सांध्याला फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून पाहण्याची जी एक धाडसी वहिवाट काही घरांत आहे तिचा उल्लेखही करवत नाही. मग रेग्युलेटरची चावी बंद करून, ज्योत विझल्यावर शेगडी बंद करून, रेग्युलेटर काढावा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोरीने बांधलेले प्लास्टिकचे टोपण दाबून बसवावे. या टोपणाची आपल्याकडे कमालीची उपेक्षा होते. नवे सिलिंडर आले की ते कापून फेकून देणारी मंडळीही आहेत. वास्तविक रेग्युलेटर काढल्यावर सिलिंडरची झडप आपोआप मिटते खरी, पण तिच्यात कचरा अडकला किंवा आतली रबरी कडी झिजली तर गळतीला अडवणारे हे टोपणच असते. सिलिंडर नेहमी उभे ठेवावे, आडवे कधीही नाही. आणि पसारा झाला म्हणून ते जिन्याखाली, बंद कपाटात, किंवा झोपायच्या खोलीत ढकलू नये. वारा खेळणारी, उन्हापासून आणि मोरीपासून दूर असलेली गॅलरी उत्तम. उरलेल्या थिनरचा डबा आणि सिलिंडर यांची ओट्याखाली एकत्र रवानगी होणे हा प्रकार इतका सर्रास दिसतो की त्यावर निराळे लिहावेसे वाटते.

गीझरची गोष्ट मात्र स्वतंत्र, आणि माझ्या मते रंगकामातली सर्वांत दुर्लक्षित. उपनगरांतल्या लहान घरांत जागा आणि वीज वाचते म्हणून गॅसवरचा गीझर लोकप्रिय झाला. त्याची खुबी अशी की त्याला पेटवावे लागत नाही. नळ सोडला, पाण्याचा प्रवाह सुरू झाला, की त्या दाबाने आतली कळ दबते, दोन जाड सेलांवर ठिणगी उडते आणि बर्नर आपोआप भडकतो. नेहमीच्या दिवशी ही सोय. रंगाच्या दिवशी हाच धोका. संध्याकाळी कारागीर थिनरने ब्रश पुसतो, हात धुवायला न्हाणीघरात जातो आणि गरम पाण्याचा नळ सोडतो. आग लावण्याचा कोणाचाही इरादा नसताना, थिनरच्या वाफेने भरलेल्या त्या कोंदट जागेत ज्योत उभी राहते. शेगडीबाबत जागरूक असणारी माणसेदेखील गीझर विसरतात, कारण त्याची ज्योत कोणी लावलेली नसते. त्यामुळे गीझरचा गॅस त्याच्या कॉकशी बंद करावा, पाण्याचा येणारा नळही बंद करावा, आणि सेल काढून घरमालकाने आपल्या खिशात ठेवावेत. बाकी दोन उपाय कोणी नकळत उलटवले तरी सेलांवाचून ठिणगी उडणार नाही.

गीझरचा दुसरा धोका आगीचा नाही. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नाही, रंग नाही, मर्कॅप्टनही नाही. मूळ गॅसमध्ये घातलेला वास ज्योतीतच जळून जातो, म्हणून या विषाच्या बाबतीत नाकाची साक्ष कधीच मिळत नाही. रंगाचे थेंब उडू नयेत म्हणून न्हाणीघराच्या काचपट्ट्यांवर आणि पंख्याच्या भोकावर चिकटवलेले वर्तमानपत्र काढायचे राहून गेले, आणि चार दिवस पुट्टीच्या धुळीत वावरलेल्या माणसाने दार लावून ऊन पाण्याने मनसोक्त स्नान करायचे ठरवले, तर तो कागद प्राणघातक ठरू शकतो. डोके जड होणे, मळमळ, पायांतली शक्ती जाणे, ही लक्षणे रंगाच्या वासाने होणाऱ्या त्रासासारखीच असल्यामुळे फसगत अधिकच सोपी.

घर रिकामे करून नातलगांकडे मुक्कामाला जाणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. दूरवरून आलेले कारागीर रात्री त्याच घरात राहतात आणि पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर भातडाळ शिजवतात. त्यांच्या जेवणाला हरकत घेणे अमानुषपणाचे होईल, पण जेथे थिनरचे डबे आहेत त्या खोलीत ही चूल पेटू नये एवढी बोली आधीच ठरवावी, किंवा पोळीभाजी केंद्रातून त्यांच्या डब्याची सोय करून द्यावी. जवसाच्या तेलाने, म्हणजे कारागिरांच्या बेलतेलाने, माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नयेत; ती वाळताना स्वतःच तापतात आणि काही वेळा कोणी काडी न लावताही पेटतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

इमारतीला बाहेरून रंग लागतो तेव्हा जबाबदारी संस्थेच्या कार्यकारिणीची. गॅसचे उभे नळ बाहेरच्या भिंतीवरून चढलेले असतात, आणि परांचीच्या बांबूंना बांधायला हाताशी काहीतरी हवे म्हणून दोर नेमके त्यांनाच गुंडाळले जातात. प्लास्टर ठोकून पाडताना त्यांच्यावर घाव बसतात. पिवळा रंग इमारतीच्या रंगात लपून जातो आणि पुढच्या वेळी येणाऱ्या नळकारागिराला तो पाण्याचा नळ वाटतो. काम सुरू होण्यापूर्वी गॅस कंपनीला लेखी कळवावे, ठेकेदाराच्या करारात नळांना दोर न बांधण्याची अट घालावी, आणि तळमजल्यावरचा उभ्या नळाचा कॉक कोठे आहे हे सचिवाइतकेच रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही दाखवून ठेवावे.

गॅस पुन्हा सुरू करण्याची वेळ रंगाच्या जातीवर अवलंबून आहे. पाण्याच्या रंगाला खिडक्या उघडून खोलीत वारा खेळला की त्याच संध्याकाळी स्वयंपाक करायला प्रत्यवाय नाही. ऑइल पेंट किंवा लॅकर असेल तर दर्प पूर्णपणे निघून जाईपर्यंत, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत, थांबावे. सुरुवात घरातल्या माणसानेच करावी, कारागिरावर सोपवू नये. झरोक्यांवरचे, शेगडीवरचे, गीझरवरचे सर्व कागद आणि प्लास्टिक काढावे. नळीवर रंग किंवा थिनर सांडला असेल तर ती बदलावी, कारण अशा द्रव्यांनी रबर फुगते आणि कमकुवत होते. तशीही या नळीची मुदत पाच वर्षांची असते आणि ती तारीख तिच्यावर छापलेली असते. कॉकवर रंग साचून दांडी घट्ट झाली असल्यास पान्याने मारझोड न करता कंपनीला कळवावे. शेगडीच्या चाव्या बंद आहेत हे पाहून आधी मीटरचा आणि मग शेगडीचा कॉक उघडावा, सांध्यांना फेस लावून पाहावे, आणि नंतरच ज्योत लावावी. वास आला तर कोणतेही बटण चालू करू नये आणि चालू असलेले बंदही करू नये. कॉक फिरवून, खिडक्या उघडून, बाहेर पडून मग फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, अग्निशमन दलाचा १०१, आणि नळाच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो रंगाच्या आधीच भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवावा, कारण बिलांची फाइल तेव्हा कोणत्या प्लास्टिकखाली असेल ते सांगता येत नाही.

पहिली ज्योत निळी आली नाही तर लगेच घाबरू नये. घासलेल्या पुट्टीची पूड हवेत असते, आणि ती ज्योतीत जळताना नारिंगी तुरे उठतात. झाडलोट नीट झाली की ते थांबतात. याउलट ज्योतीची टोके पिवळी, लांब आणि सुस्त दिसत असतील आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर पुडीने बर्नरची छिद्रे किंवा हवेची वाट बुजली आहे असे समजावे. शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढून, टोकदार सुईने छिद्रे मोकळी करून, धुऊन आणि पूर्ण वाळवून परत बसवावे. गीझरचा बर्नर मात्र घरच्या घरी उघडू नये. ज्या न्हाणीघरात भिंत घासली गेली तेथल्या गीझरला दुरुस्ती करणाऱ्याकडून एकदा साफ करवून घ्यावे, आणि तो येऊन जाईपर्यंत अंघोळीचे पाणी शेगडीवर तापवावे.